दाजींचा समुद्र

मराठवाड्यात जिल्हे आठ आणि समुद्र शून्य. सागर म्हणावा असा एकच, पैठणचा नाथसागर. तोही जायकवाडी धरणाचा. वरून पाणी सुटलं की नाही, या बातमीवर आम्ही त्याची भरती-ओहोटी ठरवतो. अशा मुलखातल्या माणसानं फोर बाय फोर गाडी घेऊन समुद्राच्या पुळणीवर पळवायचं स्वप्न बघायला हरकत नाही. स्वप्नाला जीएसटी नाही. फक्त त्या स्वप्नात शेजारच्या सीटवर मेव्हण्याला बसवू नये, एवढीच माझी मागणी होती. ती मान्य झाली नाही.

आमच्याकडे अशी गाडी घ्यायची कारणं ठरलेली आहेत. लग्नात नवरदेव मिरवायला, निवडणुकीत झेंडा लावायला आणि एरवी चौकात चहाच्या टपरीसमोर तिरकी उभी करायला. तिची चारही चाकं ओढतात हे विकणारा सांगतो, घेणारा गावभर सांगतो, करून मात्र कुणीच बघत नाही. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा एक बुटका दांडा असतो. त्याच्यावर टू एच, फोर एच, एन, फोर एल असं कोरलेलं असतं; म्हणजे दोन चाकं, चारही चाकं, न्यूट्रल आणि चारही चाकं पण सावकाश. दाजींच्या गाडीत या दांड्याचा उपयोग फक्त आक्का करायची, भाजीची कॅरीबॅग अडकवायला. एकदा धाकट्या भाच्यानं खेळता खेळता तो दांडा 'एन'वर नेऊन ठेवला. मग काय, इंजिन बोंबलतंय, गिअर पडतोय आणि गाडी जागची हलत नाही. दाजींनी मेकॅनिक बोलावला. मेकॅनिकनं कॅरीबॅग काढली, दांडा सरकवला, कॅरीबॅग परत अडकवली आणि येण्या-जाण्याचे पैसे घेऊन गेला.

तर या दाजींना त्यांच्या व्याह्यांनी कोकणातून एक व्हिडिओ पाठवला. लाटेच्या कडेकडेनं गाडी पळतेय, पाण्याचे फवारे उडताहेत, मागं दणदणीत संगीत. दाजींनी तो जेवताना बघितला, हात धुताना बघितला आणि जाहीर केलं, "सुट्ट्या लागल्या की निघायचं." संध्याकाळी आक्काचा फोन आला. "तू जा रे यांच्यासंगं. तुला वाचायची सवय हाय." मास्तरकी करणाऱ्याच्या नशिबी हे असतंच.

मग मी वाचलं. कोरड्या वाळूचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. जरा ओल असली की पाण्याच्या पातळ थरानं ते चिकटतात. म्हणून ओहोटीनंतर उघडा पडणारा ओला पट्टा टणक असतो आणि वरचा पांढराशुभ्र, फोटोत छान दिसणारा पट्टा दगा देतो. त्या कोरड्या वाळूत चाक रुतलं की ते सतत स्वतःच्याच पुढ्यातला छोटा चढ चढत राहतं. यावरचा पहिला उपाय म्हणजे टायरमधली हवा सोडणे. डांबरी रस्त्यावर हवेचा दाब 32-35 पीएसआय असेल, तर वाळूत 15-18 वर आणायची. टायर खाली बसतं, रुंदीपेक्षा लांबीत जास्त पसरतं आणि गाडीचं वजन वाटलं जातं. त्याहून फार खाली गेलात आणि जोरात वळवलंत, तर टायर रिममधून निसटतं. म्हणून वळण मोठं घ्यायचं, वेग एकसारखा ठेवायचा आणि ब्रेकला शक्यतो पाय लावायचा नाही. थांबायचंच असेल तर ॲक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप थांबू द्यायची, तीही उताराकडं तोंड करून.

ही विद्या काही आजची नाही. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश फौजी अधिकारी 1930 च्या आसपास फोर्डच्या मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडत होता. टायरमधली हवा कमी करणं, गाडी फसली की चाकाखाली लोखंडी पट्ट्या सरकवणं, हे त्यानं तिथं घासून घासून पक्कं केलं आणि 1941 साली वाळूच्या शास्त्रावर अख्खा ग्रंथ लिहिला. हे मी दाजींना भक्तिभावानं सांगितलं.

"त्याच्या गाडीला घोडे किती?" दाजींनी विचारलं.

"40."

"अन् आपल्या?"

"तिपटीपेक्षा जास्त."

"मग?" दाजी म्हणाले आणि बॅग्नोल्डचा विषय संपला.

समुद्राबद्दलही मी जे सापडलं ते सांगितलं. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, त्यामुळं काल या वेळी पाणी लांब होतं म्हणजे आजही असेलच असं नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. गाडी फसली आणि भरती लागली तर ट्रॅक्टरवाला येण्याआधी समुद्र येतो. खारं पाणी चासीला लागलं की गंज धरतो. शिवाय कित्येक किनाऱ्यांवर गाडी घालायला बंदी आहे आणि ती मोडली तर गुन्हा दाखल होतो. वेळास, आंजर्ले अशा ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, ती चाकाखाली चिरडतात.

"आपण कासवाच्या अंगावर कशाला गाडी घालू?" दाजी दुखावले.

"अंडी वाळूत पुरलेली असतात दाजी. वरून दिसत नाहीत."

दाजी विचारात पडले. मग म्हणाले, "असं करू. आधी गंगेत सराव करू. हात बसला की मग कोकणाचं बघू."

आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.

सरावाआधी हवा. पंक्चरवाल्याला मी म्हणालो, "चारी टायर पंधरावर आणा."

"पस्तीस ना?"

"पंधरा."

त्यानं टायरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "चारीत मिळून?"

मी त्याला वाळूचं शास्त्र समजावू लागलो. पहिल्या वाक्यालाच त्यानं हात वर केला. "सर, मी पंधरा वर्षं हवा भरतोय. हवा सोडायला माणूस लागत नाही, खिळा लागतो. तो तुम्हाला रस्त्यात फुकट भेटंल." एवढ्यात दाजींनी मध्यस्थी केली. पैसे देऊन भरलेली हवा अशी सोडून द्यायची हे त्यांनाही पटत नव्हतंच. पस्तीस आणि पंधरा यांच्यामधला म्हणून, सोयरिकीत मानपान ठरवावा तसा, अठ्ठावीस आकडा ठरला. अठ्ठावीस हा रस्त्यालाही बरा नाही आणि वाळूलाही बरा नाही, पण कुणाचा अपमान होत नाही.

पुढची अडचण म्हणजे वाळू. गोदावरीच्या पात्रात वाळू असते, असा आमचा शाळेपासूनचा समज. प्रत्यक्षात ती आता गावोगावच्या स्लॅबमध्ये असते. पात्रात सापडतात ते पुरुषभर खोल खड्डे, काळा गाळ आणि वेड्या बाभळी. चांगला, सलग, मऊ वाळूचा पट्टा कुठं उरलाय, हे फक्त हायवावाल्यांना आणि ट्रॅक्टरवाल्यांना माहीत असतं आणि ते कुणाला सांगत नाहीत. विचारत विचारत एक पट्टा सापडेपर्यंत दुपार कलली. सकाळी रात्रीची ओल असते, वाळू जरा घट्ट असते, हे मी सांगून पाहिलं होतं. पण दाजींच्या मते जेवल्याशिवाय कुठलाही सराव होत नाही. एप्रिलचं ऊन. वाळू अशी की चपलेतून पाय भाजावा.

"दाजी, फोर एच टाका."

"टाकतो की. कॅरीबॅग धर. वांगी हायेत."

मी वांगी मांडीवर घेतली. दाजींनी दांडा ओढला आणि कबूल करायला हवं, गाडी झकास निघाली. मागं धुरळा, पुढं रिकामं पात्र, दाजींच्या चेहऱ्यावर थेट अरबी समुद्र. असंच सरळ गेलो असतो तर पलीकडच्या तालुक्यात पोचलो असतो. पण दाजींना आठवलं की व्याह्यांना व्हिडिओ पाठवायचाय. आणि त्यांनी ब्रेक मारला.

वाळूत ब्रेक मारला की चारही टायरच्या पुढं वाळूचा बांध तयार होतो. तो पार करायला दाजींनी ॲक्सिलरेटर दाबला. चाकं फिरली. अजून दाबला. अजून फिरली. चार चाकं ओढतात म्हणतात खरं, पण दोन्हीकडची चाकं एकत्र बांधणारं डिफरन्शियल लॉक नसलं की पुढचं एक आणि मागचं एक, जे सैल असेल ते, आपलं फिरत बसतं; बाकीची दोन गंमत बघतात. मी ओरडत होतो, "दाजी, सोडा, पाय काढा!" दाजी ओरडत होते, "निघंल, निघंल!" शेवटी गाडी पोटावर बसली. चासी वाळूवर टेकली, चाकं मोकळीच फिरायला लागली आणि क्लचचा वास सुटला.

मराठवाड्यात निर्जन जागा ही गाडी फसेपर्यंतच निर्जन असते. पाच मिनिटांत माणसं जमली. काळ्या रानात जन्म काढलेली माणसं, चिखलात गाडी फसली की काय करायचं ते सगळ्यांना पाठ. कुणी म्हणालं दगड घाला, कुणी म्हणालं पऱ्हाट्या घाला, कुणी म्हणालं इंजिन थंड होऊ द्या, आपोआप निघती. शेळ्या राखणारं एक पोरगं म्हणालं, "चाकाखाली पाणी वता, वाळू बसंल." एवढं एकच बरोबर होतं, म्हणून ते कुणी ऐकलं नाही. दाजींनी पायातलं रबरी मॅट काढून मागच्या चाकाखाली घातलं आणि रेस दिली. मॅट उडालं ते शेळ्यांच्या डोक्यावरून गेलं. मग कुणीतरी फावडं आणलं. गर्दीनं क्षणभर विचार केला आणि ते माझ्या हातात दिलं.

चाकामागची वाळू काढावी, तर वरची तेवढीच आत घसरायची. ढोपरं टेकून, एक गाल गाडीच्या दाराला लावून मी पोटाखालचं उकरत होतो. दाजी वरून मार्गदर्शन करत होते. "पाव्हणं, अजून जरा आत घ्या."

सूर्य कलला तेव्हा एक ट्रॅक्टर आला. हेडला नंबर नाही, दिवे फुटलेले, चालवणारा विशीतला. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, बाभळीचा काटा मोडून घेतला आणि काही न बोलता टायरच्या वॉल्व्हची पिन दाबून बसला. हवा सुं करत निघाली. दाजींचा जीव खालीवर झाला. गेज नाही, काही नाही, टायरला अंगठा लावून त्यानं चारही सारखे केले. मग म्हणाला, "दादा, फोर एल टाका. रिव्हर्स. जोर नाही द्यायचा. आलाव त्याच चाकोरीनं मागं." फोर एलमध्ये चाकं साधारण अडीच पट सावकाश फिरतात आणि तितकाच जास्त रेटा देतात, हे मी दाजींना सांगणार होतो, पण गाडी निघाली. दोर नाही, साखळी नाही, हळूच मागं येऊन घट्ट जागी उभी राहिली.

मी त्या पोराला विचारलं, "हे कुठं शिकलास?"

"थांबायचं नाही, वळायचं नाही, बिरेक मारायचा नाही," तो म्हणाला. "मागं तहसीलदाराची गाडी असल्यावर शिकावंच लागतं, सर."

एवढ्यात काठावर मोटारसायकलचा दिवा दिसला. ट्रॅक्टर गेला. न थांबता, न वळता, बिरेक न मारता. गर्दीही गेली. तलाठी भाऊसाहेब खाली उतरले तेव्हा पात्रात फक्त गाडी, खोदलेला मोठा खड्डा, ट्रॅक्टरच्या टायरचे ताजे ठसे, दाजी आणि हातात फावडं घेतलेला मी.

"पावती?"

"नाही साहेब, आम्ही सराव करत होतो," दाजी म्हणाले.

"कशाचा?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी फावड्याकडं बघितलं.

"समुद्राचा," दाजी म्हणाले.

भाऊसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मागचं दार उघडायला लावलं, सीटखाली टॉर्च मारला, कॅरीबॅगमध्ये हात घालून वांगी चाचपली. नाइलाजानं दार लावलं. आम्ही गाडीत बसणार, तेवढ्यात त्यांचा टॉर्च माझ्या पायावर थांबला.

"मास्तर, ते बूट काढून इथंच झटका. वाळू शासनाची हाये."