मध, कांदा आणि सुश्रुताचे नाव

सांगली आणि सातारा भागातल्या गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांवरून एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. मध आणि पांढऱ्या कांद्याचा रस 21 दिवस डोळ्यांत घातला की मोतीबिंदू विरघळतो, कानात रोज लसणाचे कोमट तेल सोडले की बहिरेपणा जातो, घरातल्या सर्वांच्या नाकात सकाळी तूप सोडले की चष्मा सुटतो, आणि आयुर्वेदाचा प्राचीन ग्रंथकार सुश्रुत याने हे सारे लिहून ठेवलेले असल्यामुळे ऑपरेशनच्या फंदात पडू नये, असे त्यात म्हटले आहे. मी स्वतः शालाक्याचा, म्हणजे डोळे, कान, नाक आणि घशाच्या आयुर्वेदीय उपचारांचा वैद्य आहे. हा संदेश छापून खिशात घेऊन येणारे रुग्ण मला कराडच्या दवाखान्यात भेटतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सुश्रुताचा शस्त्रक्रियेला विरोध होता, हे विधान तर उलटेच आहे. शालाक्य हे नावच शलाकेवरून, म्हणजे सळईसारख्या उपकरणावरून आले आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातले, म्हणजे शेवटच्या भागातले, पहिले 26 अध्याय या शाखेचे असून त्यांतले 19 एकट्या डोळ्यांना दिलेले आहेत. सतराव्या अध्यायात कफज लिंगनाशावर, म्हणजे आपण ज्याला पिकलेला मोतीबिंदू म्हणतो त्याच्याशी जुळणाऱ्या विकारावर, जवाच्या दाण्यासारख्या टोकाच्या शलाकेने वेध करायला सांगितला आहे. वेध नीट झाल्याची खूण म्हणून पाण्याचा थेंब येतो आणि आवाज होतो, इतके बारीक निरीक्षण तिथे नोंदलेले आहे. नंतर रुग्णाने उताणे पडून राहावे आणि शिंक, खोकला, ढेकर आवरावी, अशी ताकीदही आहे. त्या शस्त्रकर्मात भिंग काढत नसत, नुसते बाजूला सारत, त्यामुळे आजच्या कृत्रिम भिंगाच्या शस्त्रक्रियेशी त्याची बरोबरी होत नाही, हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. परंतु त्या ग्रंथाच्या नावावर ऑपरेशन टाळायला सांगणे म्हणजे ग्रंथ न उघडताच त्याची शपथ घेणे आहे. शालाक्याच्या पदव्युत्तर वैद्यांनी करावयाच्या 19 शस्त्रक्रियांची यादी 2020 च्या अधिसूचनेत आली, तिच्यातही मोतीबिंदू आहे. आधुनिक डॉक्टरांच्या संघटनेने तिला विरोध केला, तो वाद वेगळा.

मधाबाबत संदेशात अर्धे सत्य आहे. अंजनाच्या, म्हणजे डोळ्यांत घालायच्या औषधाच्या, अनेक कृतींत मध येतो. मात्र अंजन कोणते, ते कोणाला आणि रोगाच्या कोणत्या अवस्थेत घालायचे, हे ठरलेले असते, आणि डोळे नुकतेच लाल होऊन गळू लागले असतील तेव्हा अंजन घालायचेच नसते. मोतीबिंदूत भिंगातली प्रथिने गढूळ होतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक जसा पुन्हा पारदर्शक होत नाही, तसेच हे भिंग कुठल्याही थेंबाने निवळत नाही. आपल्या भागात तर आणखी एक धोका आहे. वाळवा तालुक्यातले एक शेतकरी माझ्याकडे आले, तेव्हा उसाचे पाते डोळ्याला लागून आठ दिवस झाले होते आणि तोवर त्यांनी घरचा मधच घातला होता. बुबुळावर मधोमध राखाडी, कापसाच्या कडेसारखा पिंजलेला डाग दिसत होता. पात्याच्या जखमेतून बुरशी शिरली की असाच व्रण होतो. त्यांना मी त्याच दिवशी मिरजेला पाठवले. डोळा वाचला, परंतु फूल पडले ते कायमचे. दोष मधाचा की पात्याचा, असा वाद घालता येईल. वाया गेलेले आठ दिवस मात्र निर्विवादपणे मधाच्या भरवशावर गेले.

कानाच्या उपायात लसणाचे नाव ग्रंथात जरूर आहे, पण ते कर्णशूलासाठी, म्हणजे कानदुखीसाठी. बहिरेपणाबद्दल माधवनिदान हा रोगनिदानाचा जुना ग्रंथ तर स्पष्ट सांगतो की बालकाचा, वृद्धाचा आणि फार जुना बहिरेपणा वैद्याने सोडून द्यावा. ज्याचा कान फुटलेला आहे, म्हणजे पडद्याला छिद्र आहे, त्याच्या कानात तेल सोडले तर ते थेट मधल्या कानात उतरते, आणि पावसाळ्यात ओलसर कानात तेल साचले की बुरशीला आयतेच घर मिळते. एका रात्रीत एक कान ऐकू येईनासा झाला असेल, तर तेलाचा विचारही करू नये; त्यावरच्या उपचाराचा उपयोग होण्याची मुदत दिवसांत मोजावी लागते.

नाकात तूप सोडल्याने चष्मा जात नाही, कारण लांबचे अंधुक दिसण्याचे कारण बहुधा डोळ्याच्या गोळ्याची वाढलेली लांबी हे असते. सर्वांना सरसकट नस्य द्यायलाही, म्हणजे नाकात औषध सोडायलाही, जुना ग्रंथकार वाग्भट परवानगी देत नाही: सात वर्षांखाली आणि ऐंशीच्या पुढे नस्य नको, असे तो म्हणतो. चरक या दुसऱ्या प्राचीन ग्रंथकाराने जेवण नुकतेच झालेले, नवे पडसे आलेले आणि गर्भवती यांना वगळले आहे. बोट बुडवून नाकपुडीला स्नेह लावण्याचा सौम्य प्रकार, ज्याला प्रतिमर्श म्हणतात, तो सर्व वयांत चालतो असे वाग्भटच लिहितो. तरीही तान्ह्या बाळाच्या नाकात मी तूप घालू देत नाही, कारण ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

त्याच संदेशात घशासाठी हळद-मिठाच्या गुळण्या सांगितल्या आहेत, त्याला माझी हरकत नाही.

राहिला तो 21 दिवसांचा आकडा. डोळ्याच्या प्रत्येक विकारात इतके दिवस थांबणे परवडत नाही. सुश्रुताने अधिमंथ नावाचा विकार वर्णिला आहे, ज्याची तीव्र वेदनेची लक्षणे काचबिंदूच्या झटक्याशी बरीच जुळतात. उपचारात चूक झाली तर त्याच्या चार प्रकारांपैकी कफज अधिमंथ सात रात्रींत, वातज सहा रात्रींत, रक्तज पाच रात्रींत दृष्टी घालवतो आणि पित्तज लगेचच, असे तो सांगतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. डोळा लाल होऊन ठणकत असेल, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असेल आणि उलटी होत असेल, तर मिरज किंवा कराडच्या नेत्रविभागात त्याच संध्याकाळी जावे. सकाळच्या पहिल्या एसटीची वाट पाहू नये.