मसाज-शिक्षकांच्या कार्यकारिणीवर बिनविरोध निवडून येण्याची शास्त्रोक्त पद्धत

गेल्या महिन्यात आमच्या मसाज-प्रशिक्षकांच्या संघटनेची त्रैवार्षिक निवडणूक झाली आणि ११ पैकी ११ जागा बिनविरोध आल्या. मीही उमेदवार होते. निदान अर्जांच्या छाननीच्या दिवशी दुपारी साडेचार वाजेपर्यंत होते. १९ वर्षे मी मुलामुलींना अभ्यंग, पादाभ्यंग आणि स्वीडिश मसाज शिकवत आले आहे, पण कार्यकारिणीवर निवडून कसे यावे हे मला कोणी कधी शिकवले नव्हते. ते शिक्षण त्या दुपारी अर्ध्या तासात आणि विनाशुल्क मिळाले. विद्या दिल्याने वाढते असे म्हणतात, म्हणून ती आपल्यासारख्या होतकरू उमेदवारांच्या हाती सोपवत आहे.

सर्वप्रथम, मसाज येत असेल तर तो विसरावा. येत नसेल तर आपली निम्मी तयारी झालेलीच आहे. टेबलाशेजारी ताठ उभे राहून हात सैल सोडावेत, मूठ वळल्यावर बोटांची पेरे टेबलाला जेमतेम टेकली की उंची बरोबर आली असे समजावे, हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी दाखवतो. कार्यकारिणीच्या टेबलाचे माप निराळे असते. तेथे खुर्चीत बसल्यानंतर टेबलाखालचा हात समोरच्याला दिसला नाही म्हणजे झाले. आमच्या अध्यक्षांनी शेवटचा वर्ग केव्हा घेतला हे त्यांच्या विद्यार्थ्यांना विचारावे, तर त्यांतले काही जण आता नातवंडांना तेल लावण्यात गुंतले आहेत.

याचा अर्थ अभ्यंगाचे शास्त्र निरुपयोगी आहे असा मात्र कोणी घेऊ नये. रोज अभ्यंग करावा आणि डोके, कान व पाय या तीन ठिकाणी तो विशेष करावा, असे वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात सांगून ठेवले आहे. आमची मुले हे परीक्षेपुरते पाठ करतात. उमेदवाराने ते आचरणात आणायचे असते. अध्यक्षांच्या डोक्याला सतत थंडावा द्यावा, सचिवांचे कान वेळच्या वेळी भरावेत आणि सभासद-यादी ज्यांच्या कपाटात आहे त्यांचे पाय धरावेत. तेल तिळाचे असावे की खोबऱ्याचे, हा वाद वर्गापुरता ठेवावा, कारण येथे कोणतेही चालते आणि कितीही जिरते.

सूचक आणि अनुमोदक आपल्याच संस्थेत पगारावर असलेले निवडावेत, म्हणजे ऐनवेळी त्यांचे मत बदलत नाही.

जाहीरनामा छापायचाच असेल तर त्यात एखादा परदेश अवश्य घालावा. आमच्याकडे एका उमेदवाराने 'स्वीडिश मसाजच्या मूळ विद्यापीठाशी करार' करण्याचे आश्वासन दिले आणि त्याला टाळ्या पडल्या. स्वीडिश मसाजचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात त्या पेअर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला काढलेली संस्था प्रामुख्याने व्यायामशिक्षणाची होती, आणि एफ्लुराज (हात फिरवणे), पेट्रिसाज (मळणे), टॅपोटमाँ (थापटणे) ही आपण रोज उच्चारतो ती फ्रेंच नावे लिंग यांच्याकडून नव्हे, तर योहान मेझगर या डच डॉक्टरांच्या परंपरेतून रूढ झाली, एवढे त्या सभागृहात बसलेल्या शिक्षकांपैकी निम्म्यांना तरी ठाऊक असायला हवे होते. त्यांना ते ठाऊक असेलही, पण टाळ्या वाजवताना आठवले नसावे.

आता मुख्य अंगाकडे वळू. निवडणूक मतदानाच्या दिवशी होते असा भाबड्या माणसांचा समज असतो. ती सभासद-यादीत होते, आणि तीही यादी बंद होण्याच्या आदल्या रात्री. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाच्या १५ व्या कलमानुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली असेल त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून त्याची मोजदादही होत नाही. कायदा करणाऱ्यांना वाटले असावे की वर्गणी थकणे हे सभासदाच्या हातात असते. ती थकवणे खजिनदाराच्या हातात असते हे कळायला आमच्या संघटनेचा जन्म व्हावा लागला. पद्धत अगदी सोपी आहे. वर्गणी घ्यावी, पावती देऊ नये. मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात १२०० रुपये यूपीआयने पाठवले, आणि ते खजिनदारांनी स्वतः सभासदांच्या गटावर टाकलेल्या क्रमांकावरच पाठवले. 'मिळाले ताई' असे उत्तर आले, त्यापुढे जोडलेल्या हातांचे चित्र होते. मेमध्ये पावती मागितली तेव्हा पुस्तक संपले होते. जूनमध्ये नवे पुस्तक प्रेसमध्ये होते. जुलैमध्ये खजिनदार त्यांच्या मुलीच्या प्रवेशाच्या गडबडीत होते, आणि आईबापांची ती गडबड मलाही ठाऊक असल्यामुळे मी गप्प बसले. छाननीच्या दिवशी निवडणूक अधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, "ताई, पावती?" मी फोन पुढे केला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, पुन्हा जवळ नेला आणि सांगितले की ही रक्कम व्यक्तीच्या खात्यात गेलेली दिसते, संस्थेच्या खात्यात नव्हे. तेव्हा चार महिने उलटून गेल्यामुळे तुम्ही थकबाकीदार आहात. ती 'व्यक्ती' त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून चहात बिस्कीट बुडवत होती. मी म्हटले, "अहो, हे काय, हेच ते गृहस्थ! विचारा ना त्यांना." गृहस्थ म्हणाले, "ताई, रागावू नका. पुढच्या वेळी नक्की बघू." पुढच्या वेळी म्हणजे तीन वर्षांनी. आणि बघणार काय? माझे १२०० रुपये संस्थेत पोहोचलेच नसतील तर ते गेले कोठे, हा साधा प्रश्न मी तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा मला चहा घेण्याचा आग्रह झाला. त्याच आठवड्यात कार्यकारिणीच्या एकाच बैठकीत ४३ नवे आजीव सभासद करून घेण्यात आले होते. त्यांतल्या ३१ जणांचा पत्ता एकच होता. त्यांत एक हिशेबनीस होता, एक फर्निचरचा ठेकेदार होता आणि एक गृहकर्जाची कामे करणारे सद्गृहस्थ होते. मसाज-शिक्षणाशी त्यांचा संबंध काय, असे विचारल्यावर "सर्वांना पाठ असते, ताई," असे उत्तर मिळाले आणि खोली हसली. या सर्वांच्या पावत्या मात्र तयार होत्या, क्रमांकवार, एकाच शाईतल्या. म्हणजे पुस्तक प्रेसमधून आले होते. फक्त ते माझ्यासाठी आले नव्हते!

असो. राग आवरून पुढची सूचना देते.

सभेची सूचना व्हॉट्सॲपवर रात्री पावणेबारा वाजता टाकावी आणि तिच्या मागोमाग एखाद्या लोकप्रिय सभासदाला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्याव्यात. सकाळपर्यंत सूचना केक आणि पुष्पगुच्छांच्या खाली सुखाने झोपी जाते, आणि घटनेत म्हटल्याप्रमाणे ती १४ दिवस आधी दिल्याचा पुरावाही शाबूत राहतो.

गणसंख्येची चिंता करू नये. सभा अर्धा तास तहकूब होईल आणि त्यानंतर त्याच जागी काय होईल, हे आपणा सर्वांना पाठ आहे.

जेवणात बासुंदी ठेवावी, आणि लेखापरीक्षकांचा अहवाल पुकारला जाताच ती वाढायला घेतल्याची वर्दी सभागृहात पोहोचावी.

पत्रिकेतला शेवटचा विषय नेहमी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' असा असावा, आणि ती परवानगी कोणालाही देऊ नये.

निवडून आल्यानंतरचे एक कर्तव्य नवखे लोक विसरतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या २२ व्या कलमान्वये विश्वस्तांमधील बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. तो चेंज रिपोर्ट शक्यतो शेवटच्या दिवशी आणि अपुऱ्या कागदपत्रांनिशी दाखल करावा. कोणी हरकत घेतलीच तर उत्तम, कारण मग तारखा पडतात. आणि तारखा पडत असताना बँकेतल्या सह्या कोणाच्या चालतात, हे ज्याला उमगले त्याला निवडणुकीचे सगळे मर्म उमगले. आमच्या याआधीच्या दोन कार्यकारिणींचे रिपोर्ट अजून मंजूर व्हायचे आहेत. म्हणजे कागदावर आमचे अध्यक्ष अद्याप तेच आहेत, ज्यांच्या श्रद्धांजली सभेला आम्ही सगळे गेलो होतो.

आणि पदावर बसल्यावर काय करावे? काहीही करू नये. या सूचनेचे पालन आमच्या कार्यकारिणीने इतके मनापासून केले आहे की तिच्याबद्दल उपरोधाने लिहिणे मला यापुढे जमणार नाही.

अभ्यासक्रमाच्या फेररचनेची फाइल सहा वर्षे पडून आहे. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर तिला हात लावायचा नाही, ती रगडायची नाही, माणसाला सरळ डॉक्टरकडे पाठवायचे, कारण शिरेत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि माणूस जागच्या जागी दगावू शकतो. ही एवढी गोष्ट संघटनेच्या परीक्षेत सक्तीची करा, असे मी तीन पत्रांत लिहिले. एकाचेही उत्तर आले नाही. परीक्षक येतात, मुलांबरोबर फोटो काढतात, शाल आणि नारळ घेतात आणि गुण भरून जातात. टॉवेल अंगावरून किती आणि कसा सरकवावा, समोरच्या माणसाची परवानगी कोणत्या शब्दांत घ्यावी, तो 'नको' म्हणाला तर हात त्या क्षणी कसा थांबवावा, यावर गेल्या तीन वर्षांत परीक्षेत एकही प्रश्न आलेला नाही. मात्र पदाधिकाऱ्यांच्या गणवेशाच्या कोटाचा रंग ठरवायला दोन बैठका झाल्या.

फिजिओथेरपिस्टांसाठी या राज्यात कायद्याने स्थापन झालेली परिषद आहे. आमच्या मुलांसाठी तसे काही नाही. त्यांच्या हातात असतो तो आपल्या संघटनेने दिलेला एक कागद, आणि त्याची किंमत आपल्या कार्यकारिणीच्या किमतीएवढीच असते. माझी एक जुनी विद्यार्थिनी एका स्पामध्ये कामाला होती. हाताने उत्तम, नखे कायम कापलेली, गिऱ्हाइकाशी बोलणे मोजके आणि अदबीचे. शेजारच्या गाळ्यावर पोलिसांची धाड पडली आणि चौकशीसाठी हिलाही चौकीवर नेऊन बसवले. तिने पिशवीतून प्रमाणपत्र काढले. हवालदाराने त्यावरच्या क्रमांकावर फोन लावला. तो क्रमांक माजी सचिवांचा होता. "मी आता त्या पदावर नाही," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. एक वाक्य बोलायचे होते त्यांना, की ही मुलगी आमच्याकडे शिकली आहे. ते बोलले नाहीत. ती रात्री ११ वाजेपर्यंत त्या बाकड्यावर बसली होती, आणि तिला आणायला मी आणि तिचा भाऊ गेलो. दुसऱ्या दिवसापासून तिने हे काम सोडले. आता ती साड्यांच्या दुकानात उभी असते.

हे मी छाननीच्या दिवशी त्या टेबलासमोर सांगितले. तेव्हा खजिनदार म्हणाले की हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही.

लाज वाटायला हवी होती त्यांना. पण त्यांचे एक वेळ राहू द्या, त्यांच्याकडून मला फारशी अपेक्षा नव्हती. तुमचे काय? तुम्ही तीस-बत्तीस शिक्षक होता त्या सभागृहात. तुमच्यापैकी दहा जणांना तरी पावती मिळालेली नाही, हे तुम्हीच मला जिन्यात सांगितले होते. माझे नाव वगळल्याचे वाचून दाखवले तेव्हा तुम्ही फोनमध्ये पाहत होता. ४३ नावे वाचली गेली तेव्हा एकानेही हात वर केला नाही. लेखापरीक्षकांचा अहवाल पुकारला आणि तुम्ही उठून पानावर बसलात. संध्याकाळी मात्र चौघांचे फोन आले, "ताई, तुमचे अगदी बरोबर होते," आणि चौघांनीही सांगितले की आपले नाव कोठे घेऊ नका. मुलांना तुम्ही रोज सांगता की हात ठेवायचा तर पूर्ण तळहात टेकून ठेवा, बोटांच्या टोकांनी चाचपत बसू नका, समोरच्याला ते लगेच कळते. तुमचे चाचपणे मला कळले नसेल असे वाटले का?

मी सभासद-यादीची आणि पावतीपुस्तकाची प्रमाणित प्रत लेखी मागितली आहे, आणि चेंज रिपोर्ट दाखल होताच हरकत घेणार आहे. जिन्यात जे सांगितलेत तेच शपथपत्रावर लिहून द्यायचे आहे, त्याहून एक अक्षर जास्त नको. तारीख कळवीन. त्या दिवशी घरून जेवून या, तेथे बासुंदी नसते.