रस्किन वाचायचा तर काचेच्या मण्यांपासून

आपल्याकडे जॉन रस्किन हे नाव बहुतेकांच्या कानावर येते ते गांधीजींमुळे. १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना आगगाडीत त्यांनी रस्किनचे श्रम आणि मजुरीवरचे ‘अन्टू धिस लास्ट’ हे पुस्तक वाचले, त्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही, पुढे फिनिक्सची वसाहत उभी राहिली आणि पुस्तकाच्या गुजराती सारानुवादाला त्यांनी ‘सर्वोदय’ असे नाव दिले. परंतु चित्रे आणि दगडी कमानी न्याहाळण्यात हयात घालवणारा हा कलासमीक्षक मजुरीच्या प्रश्नापर्यंत पोहोचला कसा, हे त्यातून कळत नाही.

रस्किनचा जन्म १८१९ चा, लंडनमधल्या एका सधन मद्यव्यापाऱ्याच्या घरचा. इंग्रज चित्रकार टर्नर याच्या चित्रांवरील टीकेने संतापून त्याने ‘मॉडर्न पेंटर्स’ लिहायला घेतले आणि १८४३ ते १८६० या काळात त्याचे पाच खंड झाले. समग्र लेखनाचे तर ३९ खंड आहेत, त्यामुळे नवा वाचक बिचकतो. माझे आग्रहाचे सांगणे असे, की ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’च्या दुसऱ्या खंडातले गॉथिक शैलीवरचे, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या टोकदार कमानींच्या वास्तुशैलीवरचे, प्रकरण आधी वाचावे.

त्यात काचेच्या मण्यांविषयी एक परिच्छेद आहे. काचेच्या कांड्या ओढायच्या, हाताने त्यांचे तुकडे पाडायचे आणि ते भट्टीत गोल करायचे, एवढेच ते काम. तुकडे पाडणारी माणसे दिवसभर बसून असतात, त्यांचे हात कंपवात जडल्यासारखे एका लयीत थरथरत राहतात आणि खाली मणी गारांसारखे पडत असतात. असे मणी विकत घेणारी प्रत्येक तरुणी गुलामांच्या व्यापारात सामील आहे, असे रस्किन लिहितो. उलट गॉथिक चर्चवरची ओबडधोबड, विद्रूप मूर्तीही त्याला मोलाची वाटते, कारण तीत ती घडवणाऱ्या पाथरवटाचे स्वातंत्र्य दिसते. मध्ययुगाचे हे चित्र त्याने जरा जास्तच उजळून रंगवले आहे, असे मला वाटते. पण वस्तू पाहताना ती करणाऱ्या माणसाचे काय झाले हे विचारण्याची सवय तो आपल्याला लावतो. ‘कॉर्नहिल’ मासिकातले १८६० चे ‘अन्टू धिस लास्ट’चे लेख याच सवयीतून आले आणि त्यांवर एवढा गहजब झाला, की संपादक थॅकरे यांना चार लेखांनंतर ते थांबवावे लागले.

एक गोष्ट मात्र मला आजही सलते. १८५७ च्या उठावानंतर दिलेल्या एका व्याख्यानात त्याने भारतीय कारागिरीतली रेषा आणि रंगांची नजाकत मान्य केली, पण या कलेत निसर्गाचे खरे रूप उतरत नाही असे म्हणत तिचा संबंध इथल्या लोकांच्या तथाकथित क्रौर्याशी जोडला. मणी करणाऱ्याचे थरथरते हात इतक्या मायेने पाहणाऱ्या रस्किनला आपल्या विणकराचे हात दिसले नाहीत.