म्हणे पॅरिसची पेटी!

आज परत एका जुन्या हार्मोनियमची जाहिरात समोर आली. "१०० वर्षं जुनी ओरिजिनल पॅरिस पेटी, हस्तिदंती पट्ट्या, ६५ हजार, घासाघीस नाही." फोटोत पॉलिश नुसतं चकाचक. फोन करून आतल्या सुरांचा, म्हणजे आवाज देणाऱ्या पितळी रीड्सचा, फोटो मागितला, तर उत्तर आलं, "उघडायची नाही ओ, ओरिजिनॅलिटी जाते."

अहो, पेटी आहे का अंबाबाईचा गाभारा?

थोर पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या कोल्हापुरात पेटी पॉलिशवर विकायची म्हणजे कमाल झाली. पॅरिसचे असतात ते सूर. खोकं बहुतेक वेळा कलकत्त्याचं नाहीतर मुंबईचं. त्यामुळं झाकणावरच्या नावाला भुलू नका. जाळी काढून सुरांची पाटी उचलली की खालच्या अंगाला पितळी सूर दिसतात, ३७ पट्ट्यांच्या दुहेरी पेटीत (एका पट्टीला दोन सूर) ७४. ठसा आणि रंग सगळीकडं एकच पाहिजे. मधेच दोन-चार पिवळेधमक दिसले तर ते नंतर बसवलेले. मग जिभा बघा, म्हणजे प्रत्येक सुरातला हवेनं थरथरणारा पातळ पितळी पत्रा. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. दोन्हीकडं ओरखडे असतील तर कुणीतरी वर्षानुवर्षं चढव-उतर करत बसलाय, आणि घासलेलं पितळ काही परत येत नाही. चीर गेलेली जीभ सुरात मिळवून दिली तरी पुन्हा उतरते. तिच्या जोडीचा जुना सूर दुसऱ्या जुन्या पेटीतूनच काढावा लागतो.

हे सगळं "उघडायची नाही" म्हणणाऱ्याच्या फोटोत कसं दिसणार?

बरं, तो बिचारा घरगुती विकणारा असेल. आजोबा भजनाला वाजवायचे, पोरांना आता जागा नाही. त्याला काय माहीत, म्हणून त्याच्यावर राग नाही. राग आहे तो वाळवीची भोकं लांबी भरून बुजवणाऱ्या, वर पॉलिश मारून 'अँटिक' म्हणणाऱ्या दलालांवर. आणि पट्ट्या खरंच हस्तिदंती असतील तर त्यांची विक्रीच बेकायदा आहे. बहुतेक वेळा ते सेल्युलॉइड नाहीतर हाड निघतं, ते सोडा.

जुन्या चांगल्या सुरांचा गोडवा नव्याला नाही, हे मान्य. पण भाता गळका असेल तर तो गोडवा ऐकणार कधी? सगळे स्टॉपर (सुरांकडं हवा सोडणाऱ्या समोरच्या खुंट्या) बंद करा, भाता भरा, हात सोडा. लगेच बसला तर गळती आहे. मग एकच स्टॉपर उघडून हलक्या हवेवर पट्टी न् पट्टी वाजवा. सूर उशिरा बोलला तर बहुधा कचरा असतो, निघतो. खरखरला तर जीभ कडेला घासतेय. पट्टी न दाबता सूर येत राहिला तर पट्टीखालचं चामडं, नाहीतर कसरीनं खाल्लेलं फेल्ट. हे काम पेटी दुरुस्त करणारा करून देतो, त्यासाठी सौदा मोडू नका. ट्यूनरवर सगळीच पेटी ४४० हर्ट्झच्या आजच्या प्रमाण पट्टीपेक्षा सारखीच चढी निघाली, तर घासून खाली आणायचा हट्ट धरू नका. तबलजी मिळवून घेईल. बासरीवाला कुरकुर करेल, करू दे.

शेजारचा सूर मिसळून येत असेल तर मात्र सुरांच्या पाटीला तडा असू शकतो. आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, तडा मिटतो, जुलैत पेटी ठणठणीत वाजते आणि मार्चमध्ये रडायला लागते. म्हणून घाई नसेल तर उन्हाळ्यात बघा. पावसात घ्यायचीच असेल तर पाटीवर टॉर्च मारल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.