पार्टीसाठी लाइट लागरच बनवा? हा सल्ला मला पटत नाही

घरी बीअर बनवायला लागलेल्या माणसाला हा सल्ला हमखास मिळतो. पार्टीला येणारे लोक बीअरचे शौकीन नसतील तर फार डोकं लावू नका, सरळ लाइट लागर, म्हणजे थंड तापमानात आंबवलेली फिकट, हलकी बीअर बनवा. त्यांना तेवढीच कळते आणि साधी असल्यामुळे ती बनवायलाही सोपी. काळी बीअर जड आणि कडक असते, ती बाहेरच काढू नका. वेगळं काही करायचंच असेल तर फळ घाला. अल्कोहोल जरा चढं ठेवा, म्हणजे सगळे खूश. अमेरिकेत आपल्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्या बेसमेंटमध्ये फर्मेंटर (बीअर आंबवायचं भांडं) आहे, तेही एकमेकांना हेच सांगतात. हा सल्ला ऐकून नवीन लोकांच्या आख्ख्या बॅचेस वाया जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक खुलासा. हे सगळं अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. तिथे १९७८ च्या कायद्याने घरी पिण्यापुरती बीअर बनवायला केंद्र सरकारची मुभा मिळाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत बनवता येते, विकता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं गुन्हा आहे.

आता पहिला मुद्दा, ‘त्यांना तेवढीच कळते’. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. कोलोरॅडोच्या कूर्स कंपनीने १९९५ मध्ये ब्लू मून बाजारात आणली. गढूळ, गव्हाची, धने आणि संत्र्याची साल घातलेली. ती देशभर खपली ती बीअरवर चर्चा करणाऱ्यांमुळे नव्हे, तर बर्गरबरोबर एखादा ग्लास घेणाऱ्या साध्या लोकांमुळे. आपल्या पुण्या-मुंबईच्या ब्रूपबमध्येही (स्वतःची बीअर बनवणाऱ्या बारमध्ये) पहिल्यांदा आलेला माणूस गव्हाची बीअर आवडीने पितो. कधीतरी पिणाऱ्याला लाइट लागरच हवी असते असं नाही. बीअर थंडगार असावी, तिला भरपूर फेस असावा, कडवटपणा बेताचा असावा आणि तिला कसलाही विचित्र वास नसावा, एवढंच त्याला हवं असतं. या चार अटींत बसणाऱ्या शैली कितीतरी आहेत.

दुसरा मुद्दा सोपेपणाचा, आणि खरं नुकसान इथेच होतं. लाइट लागर चवीला साधी असते, पण बनवायला ती सगळ्यात अवघड बीअरपैकी एक आहे. फोडणी न दिलेल्या वरणासारखं तिचं असतं. जे चुकलं ते झाकायला वर काहीच नाही. लागरच्या यीस्टला, म्हणजे ती आंबवणाऱ्या सूक्ष्म बुरशीला, साधारण १० ते १२ अंश सेल्सियस तापमान लागतं, तेही दिवसरात्र एकसारखं. एलच्या, म्हणजे जरा उबदार तापमानाला आंबवायच्या बीअरच्या तुलनेत यीस्ट जवळपास दुप्पट घालावं लागतं. फर्मेंटेशन, म्हणजे आंबणं, संपत आलं की दोन-तीन दिवस तापमान १६-१८ अंशांवर न्यावं लागतं, नाहीतर डायअसेटिल नावाचं रसायन मागे राहतं आणि बीअरला मायक्रोवेव्हमधल्या पॉपकॉर्नसारखा लोण्याचा वास येतो. पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेली फिकट बार्ली) वापरला आणि उकळताना भांड्यावर झाकण ठेवलं, तर उकडलेल्या मक्याचा वास धरतो. म्हणून माल्टचं पाणी झाकण न ठेवता चांगला दीड तास उकळतात. घाईने बाटलीत भरली तर कच्च्या हिरव्या सफरचंदाची चव येते. एवढं सगळं सांभाळल्यावर ती चार-सहा आठवडे शून्याच्या आसपास ठेवायची. यासाठी वेगळा फ्रिज आणि तापमानाचा कंट्रोलर लागतो. तो नसताना जुलैमध्ये गराजमध्ये लागर लावली तर ती बिघडणार हे ठरलेलं.

आणि एवढं करून तुलना कोणाशी? बडवायजरशी. वेगवेगळ्या राज्यांतल्या कारखान्यांतून तीच चव वर्षानुवर्षं काढण्यात त्या लोकांचा हातखंडा आहे. पाहुणा दर आठवड्याला ती पितो, त्यामुळे तुमच्या बीअरमधला बारीकसा फरकही त्याच्या जिभेला लगेच कळतो आणि फरक म्हणजे दोष असंच त्याला वाटतं. त्याऐवजी क्रीम एल नावाची बीअर दिली, तर ती त्याने आधी फारशी प्यायलेलीच नसते, त्यामुळे तो तिची कोणाशी तुलना करत नाही.

मी सुचवीन ती हीच, क्रीम एल. नावात क्रीम असलं तरी हिच्यात दूध-साय काही नाही. ही जुनी अमेरिकन शैली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची जेनेसी क्रीम एल १९६० पासून मिळते. पाच गॅलनच्या बॅचसाठी ३.२ किलो पेल माल्ट आणि ७०० ग्रॅम फ्लेक्ड मेझ, म्हणजे मक्याचे पोहेच. उकळीच्या सुरुवातीला विलमेटसारखे साडेचार-पाच टक्के अल्फाचे (अल्फा म्हणजे कडवटपणा देणारं आम्ल) २८ ग्रॅम हॉप्स, म्हणजे बीअरला कडवटपणा देणारी फुलं, आणि पुढे काही नाही. साधं अमेरिकन एल यीस्ट, तापमान १७-१८ अंश, जे बेसमेंटमध्ये मिळतं किंवा पाण्याच्या टबमध्ये बर्फाच्या बाटल्या टाकून साधता येतं. अल्कोहोल पावणेपाच टक्क्यांच्या आसपास बसतं. रंग सोनेरी, तोंडात हलकी, आणि महिन्याभरात प्यायला तयार. लाइट लागर पिणाऱ्या माणसाला ती परकी वाटत नाही.

दुसरी निवड बेल्जियन विटबिअर, म्हणजे गव्हाची बीअर. ही शैली जवळपास संपली होती; पिएर सेलिस या माणसाने १९६० च्या दशकात हूगार्डन गावात ती पुन्हा उभी केली. आपल्या लोकांसाठी ती मला फार जवळची वाटते, कारण तिच्यात धने पडतात. इंडियन स्टोअरमधले लांबट धने घ्या. गोल धन्यांपेक्षा त्यांचा वास जास्त लिंबासारखा असतो. पंधरा ग्रॅम धने खलबत्त्यात नुसते भरड कुटायचे आणि उकळी संपायच्या पाच मिनिटं आधी संत्र्याच्या सालीबरोबर टाकायचे. पूड करू नका आणि भाजू तर मुळीच नका, नाहीतर बीअरला मसाल्याच्या डब्याचा वास येईल. ही बीअर गढूळच असते, त्यामुळे ती स्वच्छ दिसण्याची काळजीही मिटते.

काळी बीअर जड आणि कडक, हा समज तर आकड्यांनीच खोटा ठरतो. गिनेस ड्राफ्ट या आयरिश काळ्या बीअरमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के, बडवायजरमध्ये ५. कॅलरीही गिनेसमध्ये थोड्या कमीच. काळा रंग थोड्याशा करपवून भाजलेल्या बार्लीचा असतो. रंगाचा आणि कडकपणाचा काही संबंध नाही. मात्र एक खरं आहे की भाजलेल्या धान्याचा कडवटपणा पहिल्यांदा पिणाऱ्याला कॉफीसारखा लागतो, आणि गिनेसचा मऊपणा नायट्रोजनमुळे येतो, जो घरच्या बाटलीत येत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी मी स्टाउट, म्हणजे गिनेससारखी काळी बीअर, काढणार नाही. पण दिवाळीच्या पार्टीला ब्राउन एल नक्की ठेवीन.

फळाचं म्हणाल तर आपल्याकडे प्रत्येकाला आमरसाचा डबा ओतायचा मोह होतो. फळातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. गोडवा जातो, सुगंधही बराच जातो आणि उरतो आंबटपणा. मग काही जण बाटली भरताना पुन्हा रस घालतात, आणि हे धोक्याचं आहे. बंद बाटलीत फर्मेंटेशन चालू राहतं, दाब वाढतो आणि काच फुटते. गोडीसाठी लॅक्टोज (दुधातली साखर) घालायचं असेल तर पाहुण्यांना आधी सांगा. आपल्यातल्या अनेकांना ते पचत नाही.

आणि चढं अल्कोहोल? आठ टक्क्यांची बारा औंसाची बाटली म्हणजे पाच टक्क्यांच्या दीडपेक्षा जास्त बाटल्या. आलेला माणूस नेहमीच्या हिशेबाने दोन पितो आणि मुलांना मागे बसवून हायवेवरून घरी जातो. पार्टीची बीअर पाच टक्क्यांच्या आत ठेवा आणि बाटलीवर आकडा लिहा. यात मला कुठलीही तडजोड मान्य नाही.

सल्ला देणाऱ्यांच्या यादीत नसलेली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बीअर नितळ व्हावी म्हणून बरेच जण जिलेटिन वापरतात. ते जनावराच्या कातड्या-हाडांपासून बनतं. आपल्या पार्टीत शाकाहारी मंडळी असतात आणि बीअरमध्ये असं काही असेल हे त्यांच्या स्वप्नातही येत नाही. उकळीच्या शेवटी आयरिश मॉस घाला, ते समुद्री शेवाळ असतं. मग तीन-चार दिवस फ्रिजमध्ये गार ठेवा, बहुतेक गाळ आपोआप खाली बसतो. ओतताना बाटलीच्या तळाचा बोटभर भाग तसाच सोडायचा.

ज्याच्याकडे फ्रिज आहे, कंट्रोलर आहे आणि धीर आहे, त्याने लाइट लागर जरूर बनवावी. फेब्रुवारीच्या शेवटी लावली तर मेअखेरच्या मेमोरियल डेच्या बार्बेक्यूपर्यंत आरामात तयार होते.