डोळ्यात तेल घालणारी कड

मराठीत ‘पापणी’ हा एकच शब्द दोन्हींना चालतो, डोळ्यावर मिटणाऱ्या कातडीलाही आणि तिच्या केसांनाही. पण केसांच्या मागे जी जेमतेम दोन मिलिमीटरची ओलसर कड असते, तिला रोजच्या बोलण्यात नावच नाही. शाळेतल्या आकृतीत भुवईला बाण, बुबुळाला बाण, बाहुलीला बाण. या कडेला बाण काढलेला मी तरी पाहिला नाही, आणि ते मला मनापासून खटकतं.

मध्यंतरी कित्येक महिने माझ्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, डोळे कोरडे पडलेत. पाणी वाहतंय आणि कोरडे कसे? त्यांनी खालची पापणी जराशी ओढून कड दाबली आणि आरशात दाखवलं. केसांमागच्या बारीक छिद्रांतून टूथपेस्टसारखं घट्ट काहीतरी बाहेर येत होतं. तिथून खरं तर पातळ तेल यायला हवं.

वरच्या पापणीत अशा साधारण २५ ते ४० तेलग्रंथी असतात, खालच्या पापणीत थोड्या कमी. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. डोळे मिटले की हे तेल अश्रूंवर पसरतं आणि खालचं पाणी उडून जात नाही. तेल आटलं की डोळा सुकतो, चुरचुरतो, आणि मग घाबरून पाण्याचा लोट सोडतो. ‘डोळ्यात तेल घालून’ राखण करणं आपण नुसतं म्हणतो, ही कड ते दिवसभर करत असते!

राखण कोणाची? बुबुळावरच्या पारदर्शक पटलाची. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, त्याला प्राणवायू मिळतो तो अश्रूंत विरघळलेल्या हवेतून. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं जवळजवळ दोन तृतीयांश काम तिथेच होतं. वाचताना अक्षरं धूसर झाली आणि पापणी लवताच स्पष्ट झाली, तर तो अश्रूंचा थर नव्याने पसरल्याचा परिणाम.

एरवी आपण मिनिटाला १५-२० वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्याहून खाली येतं. त्यातही बऱ्याचदा वरची पापणी अर्ध्यातूनच परत फिरते. कडेला कड टेकत नाही, तेल दाबलं जात नाही. (अश्रू नाकाजवळच्या कोपऱ्यात तयार होतात हाही एक गैरसमज. अश्रूंची ग्रंथी डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला असते. कोपऱ्यात निचऱ्याची छिद्रं असतात, म्हणून तर रडताना नाक वाहतं.)

कळकळीने सांगते, डोळे चोळू नका. जोरजोरात चोळण्याच्या सवयीचा पटल पातळ होऊन पुढे येण्याशी संबंध आहे. आणि लायनर केसांच्या आत, थेट त्या कडेवर ओढू नका, ग्रंथींची तोंडं तिथेच असतात.

मी रोज रात्री दहा मिनिटं सोसेल इतकं गरम, ओलं फडकं मिटल्या डोळ्यांवर ठेवते. मग वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, अलगद बोटाने कडेच्या दिशेने निपटते. पाणी थांबायला सहा आठवडे गेले.