बीटच्या रसानं आठ दिवसांत रक्त वाढत नाही

कापूस वेचायला जाणाऱ्या बायांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय: "रोज बीटचा रस अन् गुळाचा खडा घ्या, आठ दिवसांत हिमोग्लोबिन 7 चं 12. सरकारी गोळ्या उष्ण पडतात, बाळ काळं होतं." आमच्या गावातल्या एका पोटुशीनं हे वाचून गोळ्या सोडल्या, म्हणून लिहायला बसले.

बीटचा लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा, लोहाचा नव्हे. शंभर ग्रॅम बीटमध्ये एक मिलीग्रॅमही लोह भरत नाही; आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीत बाईची रोजची गरज 29 मिलीग्रॅम सांगितली आहे. गुळाच्या खड्यातूनही फारसं हाती लागत नाही.

आठ दिवसांचा दावा तर साफ खोटा. त्या सरकारी, म्हणजे लोहाच्या गोळ्या नेमानं घेतल्या तरी आकडा महिन्याकाठी एक-दोन ग्रॅमनं चढतो. गरोदर बाईचं 7 च्या खाली गेलं असेल तर रस पीत थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोळीनं मळमळतं, संडास काळी होते, हे खरं. न शोषलेलं लोह बाहेर पडतं, तो काळेपणा त्याचा. बाळाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीतून नाही. रात्री जेवल्यावर घ्या, त्रास कमी होतो. कॅल्शियमची गोळी मात्र वेगळ्या वेळी.

खरी मेख मेसेजमध्ये नाहीच, ती चहात आहे. वावरात भाकर खाल्ली की लगेच चहा लागतो, आणि त्यातलं टॅनिन भाकरीतलं, भाजीतलं लोह अडवून धरतं. चहा तास-दीड तासानं घ्या. त्याच जेवणावर लिंबू पिळा, सोबत आवळा खा. आंबटातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. आंबाडीची भाजी लोखंडी कढईत शिजवली तर कढईचं लोहही थोडं उतरतं. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांपायी आपण त्या कढया मोडीत काढल्या, याचं मला फार वाईट वाटतं. हरभऱ्याची भाजी, मोडाची मटकी खा. चालत असेल त्यांनी मटण, मासे.

अन् "रक्त कमी म्हणजे लोहच कमी" हेही आपल्याकडे धरून चालू नका. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियात सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा, आईबापाकडून येणारा आजार. महिनाभर गोळ्या घेऊनही आकडा हलला नाही, तर ती तपासणी मागून घ्या. सिकलसेल असलेल्यांनी, त्यातही वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्यांनी, लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.